ओले कातडे, घरचा साचा

कातडे हा शब्द वस्तीत नुसता उच्चारला तरी वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी पडते. ती पडणारच. मेलेले जनावर ओढून नेण्याची गावकी आपल्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या लादलेली होती, आणि तिच्या बदल्यात पदरात पडत होते ते मृत मांस, कातडे आणि शिव्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस खाणे टाका असे बजावले, आणि पुढे गावोगावच्या आपल्या माणसांनी बहिष्कार सोसून, उपास काढून ही कामे टाकली. म्हणून कुटुंबाच्या पानासाठी चामड्याच्या हातकामावर लिहायला बसलो तेव्हा पहिला सवाल घरातूनच आला. "जे टाकलं तेच पुन्हा लेकरांच्या हातात द्यायचं का?"

सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊ. आधी हकीकत ऐका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील मुलामुलींसाठी आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते संध्याकाळी काही ना काही वर्ग घेत असतो. अक्षर सुधारणे, हिशोब, बँकेचे फॉर्म भरणे असे त्याचे स्वरूप. त्यात एक आय.टी.आय. झालेला वायरमन मुलगा येतो. पक्कड आणि टेस्टर ठेवायला कमरेच्या पट्ट्यात अडकवायचे घर त्याला हवे होते. बाजारातली रेग्झिनची घरे दोन-तीन महिन्यांत उसवतात, आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या कमरेची पक्कड खाली पडली तर खालच्याचे डोके फुटते. त्याला घेऊन आम्ही गंजगोलाईच्या बाजारात बसणाऱ्या एका वयस्कर चर्मकार बंधूंकडे गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मामांनी पक्कड हातात घेतली, एकदा उलटी-सुलटी पाहिली आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली. पाण्याच्या कुंडीतून चामड्याचा एक तुकडा काढला, तो पकडीवर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत खाली बसवला. पाचेक मिनिटांत चामड्याखालून पकडीचे तोंड, तिचा खिळा, तिच्या मुठी अशा उमटल्या की जणू आतून कोणी चित्र काढले आहे. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिच्याभोवती करकचून गुंडाळली आणि म्हणाले, "उद्या सांच्याला या. आता ह्याला हात लावायचा नसतोय."

दुसऱ्या दिवशी पक्कड बाहेर काढली तर चामडे लाकडासारखे कडक झालेले, आणि आकार जसाच्या तसा. मागे सपाट पट्टी शिवली की घर तयार. त्या दिवसापासून आमच्या वर्गात अक्षर मागे पडले आणि चामडे पुढे आले.

पाणी पाजणे

या कामाची सगळी मेख चामडे कसे कमावले आहे यात आहे. कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून त्यावर जी क्रिया करतात तिला कमावणे म्हणतात. आपल्याकडची जुनी रीत झाडाच्या सालीची. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. ढोर समाजाच्या कारागिरांची एक रीत अशी की कातडेच पिशवीसारखे शिवून घ्यायचे, त्यात सालीचे पाणी भरायचे आणि ती पिशवी टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहते आणि सालीतला तुरटपणा कातड्याच्या धाग्याधाग्यात शिरतो. दुसरी रीत कारखान्यातली, क्रोमियमच्या क्षाराची. ती झटपट होते, चामडे मऊ निघते, आणि आज बाजारातली बहुतेक पाकिटे, पर्सा आणि बुटांचे वरचे भाग याच चामड्याचे असतात.

क्रोमचे चामडे कितीही भिजवा आणि कितीही दाबा, सुकले की ते पुन्हा आपल्या मूळ जागी येते. त्याचे धागे क्रोमने जखडलेले असतात. सालीने कमावलेले चामडे मात्र पाणी प्याले की सैल पडते, त्याचे धागे एकमेकांवरून सरकतात, आणि पाणी उडून गेले की जिथे सरकले तिथेच घट्ट बसतात. एवढ्या एका गुणावर चपलेच्या तळव्यापासून तलवारीच्या म्यानापर्यंत सगळा हुन्नर उभा आहे. ओळखायचे कसे? कापलेली कड पाहा. आतून निळसर-करडी झाक दिसली तर ते क्रोम समजावे. सालीचे चामडे आतून-बाहेरून बदामी असते, त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच मुरून काळसर डाग पडतो, आणि ओल्या जागी नखाने ओरखडा काढला तर तो राहतो. ओळखण्यासाठी चामडे जाळून पाहण्याचा एक प्रकार काही जण सांगतात. तो घरात करू नका, क्रोमचा धूर चांगला नसतो.

लातुरात सालीचे चामडे सहज मिळत नाही. चपलांचे तळ करणाऱ्यांकडे कात्रण मिळते, आणि लहान वस्तूला कात्रण पुष्कळ झाले. एक पहावे. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते, कमी ताणते. पोटाकडचे सैल आणि जास्त ताणणारे. वाटीसारखा खोल आकार हवा असेल तर पाठीचा तुकडा रडवतो. जाडी दोन-अडीच मिलिमीटर असली की मुलांच्या हाताला ते झेपते.

आता पाणी. येथेच बहुतेक नवशिक्यांचे बिघडते. त्यांना वाटते, जितके जास्त भिजेल तितके बरे, म्हणून तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. मामांचे शब्द आम्ही तसेच देतो. "साहेब, कातड्याला पाणी पाजायचं असतंय, बुडवून मारायचं नसतंय." तुकडा पाण्यात टाकला की त्यातून बारीक बुडबुडे निघू लागतात. बुडबुडे थांबले की आत हवा उरली नाही. तेव्हा बाहेर काढायचे. दोन मिलिमीटरच्या तुकड्याला काही मिनिटे पुरतात. मग ओल्या फडक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन-चार तास, जमल्यास रात्रभर ठेवायचे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. भाकरीचे पीठ मळून लगेच थापले आणि जरा मुरू दिले यातला फरक आपल्या माता-भगिनींना सांगायला नको. पिशवीतून काढल्यावर वरचा रंग पुन्हा फिकट होऊ लागतो, पण गालाला लावले तर गार लागते. ती वेळ दाबण्याची.

पाणी साधे किंवा कोमट घ्यावे. उकळते घेऊ नये. सालीचे ओले चामडे साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेले की आक्रसते, वेडेवाकडे होते आणि पुढे काचेसारखे ठिसूळ बनते. मध्ययुगीन युरोपात हीच गोष्ट हिशोबाने करून सैनिकांची चिलखते करीत. ते कौशल्य वेगळे आणि आपल्याला त्याची गरज नाही. एक बादली पाणी दहा मुलांना पुरते, हे सांगून ठेवतो. २०१६ च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले त्या शहरात कोणताही छंद सुचवण्यापूर्वी पाण्याचा हिशोब द्यावाच लागतो. उरलेले बदामी पाणीही वाया जात नाही. पुढच्या तुकड्याला तेच चालते.

साचा घरातच सापडतो

मोठ्या कारखान्यात यासाठी लोखंडी साचे आणि दाबयंत्रे असतात. मीरतला क्रिकेटचा चेंडू होतो तेव्हा त्याच्या चामड्याच्या अर्ध्या वाट्या अशाच साच्यात दाबून गोल केलेल्या असतात. (चर्मकार घराण्यात जन्मलेले पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच चामड्याच्या चेंडूने शंभरावर गडी बाद करून आले. पण इकडे खेळाच्या मध्यंतरात त्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळे, हे मुलांना जरूर सांगावे.) आपल्याकडे दाबयंत्र नाही. तेव्हा घर धुंडाळायचे.

मुलांनी पहिल्याच आठवड्यात जे शोधून आणले त्याने आम्ही थक्क झालो. स्टीलची वाटी, औषधाची काचेची बाटली, लाटणे, वरवंटा, गुळगुळीत झालेला नदीचा गोटा, जुन्या बाजेचा पाय. वाटी उलटी ठेवायची, तिच्यावर ओला गोल तुकडा टाकायचा, मधून कडेकडे दाबत यायचे आणि काठाखाली ट्यूबच्या पट्टीने बांधायचे. काठाला चुण्या पडतात. त्या जायच्या नाहीत असे वाटते, पण घाई न करता प्रत्येक चुणी अंगठ्याने दोन्हीकडे वाटून दिली तर निम्म्याहून अधिक जिरतात, आणि उरलेल्या कापायच्या पट्टीत येतात. यासाठी तुकडा कापताना चारी बाजूंनी तीन-चार बोटे जास्त ठेवावा. चामड्याचे दोन पैसे वाचवायला जाऊन पुरती वाटी वाया जाते.

सायकलच्या ट्यूबएवढी चांगली वस्तू या कामाला दुसरी नाही. पंक्चरवाल्याकडे ती फुकट मिळते. सुतळीने बांधले तर सुतळीचे वळ कायमचे उमटतात; रबर सगळीकडे सारखे दाबते आणि चामडे सुकून आत जाऊ लागले की तेही मागोमाग आवळते. कडा धरायला कपड्यांचे प्लॅस्टिकचे चिमटे चालतात. चिमट्याखाली पुठ्ठ्याची घडी घालावी.

चष्म्याचे घर करायचे तर जरा सुतारकाम लागते. प्लायवुडच्या फळीत चष्म्याच्या आकाराचे भोक पाडायचे, पण ते नेमके चष्म्याएवढे नाही. चामड्याची जाडी दोन्ही बाजूंनी धरावी लागते. लाकडाचा ठोकळा सहा सेंटिमीटर रुंद आणि चामडे दोन मिलिमीटर जाड असेल तर भोक सहा सेंटिमीटर चार मिलिमीटर हवे. कमी ठेवले तर चामडे फाटते, जास्त ठेवले तर कोपरे गोलमटोल येतात. सातवीतल्या मुलीने हा हिशोब आम्ही सांगण्याआधी केला आणि आमच्या वाणिज्य शाखेच्या पदवीला तेवढेच समाधान वाटले. ओले चामडे भोकावर ठेवून ठोकळा वरून दाबायचा, वर दुसरी फळी आणि तिच्यावर जाते किंवा विटा. क्लॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर दोन पायली ज्वारीचे गाठोडेही चालते.

ज्वारीवरून आठवले. बाटलीसारख्या पोकळ वस्तूत साचा आत राहिला तर बाहेर काढता येत नाही, म्हणून आधी चामडे शिवून घेतात, भिजवतात आणि आत काहीतरी ठासून भरतात. एका मुलाने ज्वारी भरली. दोन दिवसांत ज्वारीला मोड आले. वाळू भरावी. कोरडी वाळू थोडी थोडी टाकत लाटण्याच्या टोकाने ठासली की चामडे फुगत जाते. सुकल्यावर ओतून काढता येते. इंग्लंडात जुन्या काळी चामड्याच्या सुरया याच रीतीने करून आतून डांबराचा लेप देत.

लोखंड मात्र ओल्या चामड्याला लागू देऊ नये. मामांनी पक्कड दुधाच्या पिशवीत का गुंडाळली होती त्याचे हे कारण. सालीतला तुरट अंश आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळी शाई बनते. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी लिहायची शाई करीत तीच ही रसायनविद्या. चामडे काळे रंगवायचे असेल तेव्हा कारागीर याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात, पण चष्म्याच्या घरावर खिळ्याचा काळा डाग पडला तर तो शोभत नाही. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस पाण्यात कालवून हलक्या हाताने फिरवावा, फिका पडतो. स्टेनलेस स्टील, पितळ, काच, लाकूड यांना भीती नाही. मुलींनी दाबायला बसताना बांगड्या आणि अंगठी काढून ठेवावी, आणि नखे कापलेली असावीत. ओल्या चामड्यावर उठलेला वळ सुकल्यावर जात नाही. बारीक रेघ किंवा कोपरा उठवायला चमच्याची पाठ किंवा जुन्या टूथब्रशचा दांडा घ्यावा.

सुकवणे सावलीत. आमच्या लातूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवले तर बाहेरचा थर तासाभरात सुकतो, आतला ओला राहतो, आणि वरच्या थराला भेगा जातात. गॅसजवळ तर नकोच. घरातल्या हवेशीर कोपऱ्यात एक-दोन दिवस द्यावेत. हाताला गार लागेनासे झाले की साचा काढावा. नंतर कडा सँडपेपरने घासून, डिंकाचे पातळ पाणी लावून जाड कापडाने जोरात चोळल्या की गुळगुळीत होतात. वरून थोडे मेण किंवा तेल. तेल फार पाजले तर कडकपणा जातो.

मोट आणि बुधला

ही विद्या कोणा परदेशी पुस्तकातून आलेली नाही. मराठवाड्यात इंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी शेतात जात होते ते चामड्याच्या मोटेने. मोटेला खाली सोंड असे. नाड्याने मोट वर येई, सोंदुराने सोंड आवळलेली राही, मोट थारोळ्यावर आली की सोंड सैल पडून पाणी भळभळा वाहू लागे. बैल धावेवरून पुढे-मागे करीत. ही मोट शिवणारा चर्मकार, तिचा नाडा वळणारा मातंग, कातडे कमावणारा ढोर, आणि ते जनावर गावातून ओढून आणणारा महार. शेत हिरवे होई ते या चौघांच्या हातांनी. पाणवठा मात्र चौघांनाही बंद होता. ज्या मोटेने विहिरीचे पाणी उपसले ती मोट शिवणाऱ्याच्या हाताने विहीर बाटत होती, आणि मोटेने बाटत नव्हती! या तर्कशास्त्राचे उत्तर आजवर आम्हाला कोणी दिलेले नाही.

मोट नेहमी ओली राही म्हणून तिचे चामडे कमावलेलेच लागे. तेलाच्या बुधल्याचे गणित उलटे होते. पत्र्याचे डबे येण्यापूर्वी तेल-तूप चामड्याच्या बुधल्यांतून जाई, आणि मशालजीच्या हातातही तेलाची बुधली असे. ती न कमावलेल्या कच्च्या कातड्याची करीत. मातीचा भरीव साचा घडवायचा, त्याच्यावर ओले कातडे ताणून चढवायचे, सुकू द्यायचे, मग आतली माती फोडून तोंडातून बाहेर काढायची. कच्चे कातडे सुकले की हाडासारखे कडक होते. पाणी लागले तर ते पुन्हा मऊ पडून सडेल, पण तेल त्याला मऊ करीत नाही. म्हणून तेलाला कच्चे आणि पाण्याला पक्के. उत्तरेकडे आणि गुजरातेत असे बुधले करणारी डबगर नावाची जमातच होती. राजस्थानात बिकानेरला उंटाच्या कातड्याचे दिवे आणि कुप्या याच मातीच्या साच्यावर होतात आणि त्यांवरचे सोनेरी नक्षीकाम जगभर विकले जाते. आमच्या मुलांनी मातीचा साचा करून पाहिला. कमावलेल्या चामड्यावरही तो चालतो, फक्त माती आधी पुरी वाळलेली आणि वर प्लॅस्टिक लपेटलेले हवे, नाहीतर ओल्या चामड्याच्या पाण्याने तिचाच चिखल होतो.

ढोलकीचे पान, तबल्याची पुडी ही सुद्धा भिजवून ताणलेल्या कातड्याचीच. पण तो विषय मोठा आहे, कधीतरी वेगळा लिहू.

धम्माच्या ग्रंथात चामड्याला काय स्थान आहे असे एका उपासिकेने विचारले. विनयपिटकाच्या महावग्गात पाचवे प्रकरण चामड्याचेच आहे, चम्मक्खन्धक. त्यात दोन सोण येतात. पहिला चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा सोण कोळिविस. इतका सुकुमार की चंक्रमण करताना त्याच्या पायांतून रक्त वाहिले. भगवंतांनी त्याला एका थराची वहाण घालण्याची मुभा दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळणार असेल तर घालीन. तेव्हा ती सर्वांना मिळाली. दुसरा सोण कुटिकण्ण, अवंतीचा, महाकच्चायनांचा शिष्य. त्याने गुरूंच्या वतीने येऊन सांगितले की आमच्याकडची जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी उखणलेली आहे, तेव्हा आम्हाला अनेक थरांची वहाण घालू द्यावी. भगवंतांनी ती मागणी मान्य केली. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या कोणाही लातूरकराला हा सोण आपल्याच तालुक्यातला वाटेल. त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. सुंदर कातड्याच्या लोभाने एका भिक्खूने उपासकाकडून वासरू मारवले. त्याचा भगवंतांनी कडक निषेध केला आणि गाईचे कातडे वापरण्यास मनाई केली. वहाणेची गरज आणि कातड्याचा लोभ यांतला भेद तेथे स्पष्ट आहे.

घरातल्या सवालाकडे

टाकलेले काम पुन्हा हाती घ्यायचे का? आम्ही एवढेच म्हणतो की बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपण टाकली ती सक्ती, ते मेलेले जनावर आणि ते जन्माने ठरलेले काम. वाटीवर चामडे बसवणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलीला कोणी त्या कामाला जुंपलेले नाही. तिला उद्या चामड्याचा कंटाळा आला तर ती चित्रे काढील. पण जुंपलेली माणसे आजही आहेत, हे विसरून चालणार नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या दलित बांधवांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर तेथल्या माणसांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर ती नेऊन टाकली. ज्याची त्याने उचलावी! ही चळवळ महाडचीच पुढची पायरी होती असे आमचे मत आहे.

दुसरी बाजू पैशाची. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यानंतर राज्यातले बैलाचे चामडे आटले आणि कारागीर म्हशीच्या चामड्याकडे वळले. दर वाढले, गटई कामगाराची मजुरी मात्र तेवढ्या मानाने वाढली नाही. याच काळात २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना आहे. लातूर त्यात नाही, म्हणून येथे कितीही उत्तम चप्पल केली तरी तिला ते नाव लावता येत नाही. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी तशीच चप्पल दाखवली आणि कारागिरांचे नाव घेतले नाही. ओरड झाली तेव्हा ही प्रेरणा भारतीय पादत्राणांची आहे हे कंपनीने मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड करायचे जाहीर केले. किंमत एका जोडाला सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात. त्यातले रापी-आरी चालवणाऱ्याच्या हातात किती पडणार, हा प्रश्न आमच्यासारख्या हिशोबनिसाला पडल्याशिवाय राहत नाही.

मुंबईत सुधीर राजभर या तरुणाने 'चमार' या शिवीलाच नाव बनवून रिसायकल केलेल्या रबराच्या बॅगा काढल्या आणि धारावीच्या चर्मकारांना काम दिले. आम्ही ट्यूब गुंडाळण्यापुरती वापरतो, त्याने रबरालाच चामड्याची जागा दिली. यात शिकण्यासारखे आहे.

आमच्या मामांचा मुलगा पुण्याला सुरक्षारक्षक आहे. तो या धंद्यात आला नाही याचे मामांना वाईट वाटते का, असे आम्ही विचारले. "कशाला वाईट वाटंल? रस्त्याच्या कडंला बसून दुसऱ्याच्या पायाकडं बघत जन्म गेला माजा. लेकरं शिकली तर शिकू द्या, पर खुर्चीवर बसून, टेबलावर." तेव्हापासून आमचा वर्ग टेबलावर भरतो. मामा आठवड्यातून एकदा येतात, आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई आम्ही वर्गणीतून करतो. फुकट शिकवा असे म्हणणे म्हणजे पुन्हा गावकीच झाली.

ज्यांना हे काम पोटापाण्यासाठी करायचे आहे त्यांनी सरकारी दारेही ठोठावावीत. चर्मकार, ढोर, होलार, मोची बंधूंसाठी १९७४ पासून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे, बौद्धांसह इतर अनुसूचित जातींसाठी १९७८ पासून महात्मा फुले महामंडळ. गटई कामगारांना पत्र्याचा स्टॉल देण्याची योजना समाजकल्याण कार्यालयाकडून राबवली जाते. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नेमक्या आपल्या मराठवाडा मुक्तिदिनी सुरू झाली. तिच्या अठरा धंद्यांत चर्मकाराचा धंदा आहे, शिकण्याच्या दिवसांचे रोज पाचशे रुपये आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. फॉर्म ऑनलाइन असतो. ज्यांना भरता येत नाही त्यांचा भरून देणे हे वस्तीतल्या शिकलेल्या पोरांचे काम आहे.

वर्गात आतापर्यंत झालेल्या वस्तू सांगतो: पकडीची पाच घरे, गवंड्याच्या टेपचे एक, विळ्याची दोन म्याने, सुट्ट्या पैशांच्या वाट्या बऱ्याच, आणि एका आजीबाईच्या चष्म्याचे घर, ज्याला तिने आपल्या हाताने लाल दोऱ्याची शिवण घातली. विळ्याच्या म्यानात एक काळजी घ्या. विळा आत ठेवून चामडे सुकवू नका, त्याच्या आकाराची लाकडाची पट्टी कापून ती घाला. पात्याला गंज चढतो आणि धारेने आतून चामडे कापले जाते.

पावसाळ्यात या वस्तूंवर पांढरी बुरशी येते. घाबरायचे कारण नाही. बाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावी, दिवसभर हवेशीर सावलीत ठेवावी, मग तेलाचा एक पुसट हात द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कापडात ठेवावी.